लक्ष्मीच्या नाकात अक्षता

अक्काच्या पर्समध्ये सुपारीच्या डबीशेजारी एक पेचकस, एक खोडरबर आणि एक कोरा रंगाचा ब्रश असायचा. लग्न असो की बारसं, पर्स तीच. कुणाच्या घरी कॉम्प्युटर घरघरताना ऐकला, की हातातला चहा खाली ठेवून ती विचारायची, "ह्याचं झाकण शेवटचं कधी काढलं होतं?" या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसतं. दुकानदार सांगतो मदरबोर्ड गेला, आपण मान डोलावतो आणि बरा चालणारा डबा भंगारात घालतो. कुणी ठरवलं की तो मेला? बघितलं कुणी? याच संतापात मी दुरुस्तीच्या हक्काची पत्रकं लिहायला लागले आणि त्याच वाटेवर मला अक्का भेटली.

तिचं माहेर दोंडाईचा, सासर जळगाव. मूळ राजस्थानातलं घराणं, डाळीचं दुकान. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि माझ्याशी वाद घालताना कडक मराठी. नम्र वगैरे ती अजिबात नव्हती. आपण कॉम्प्युटर उघडतो हे ती दारावर पाटी लावल्यासारखं चारचौघांत सांगायची.

ती हे शिकली दिवाळीमुळे. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला दुकानातल्या कॉम्प्युटरला कुंकू, अक्षता, झेंडू. आणि दरवर्षी पाडव्यानंतर तो बंद पडायचा. दुरुस्तीवाला डबा उचलून न्यायचा, परत आणायचा, काय झालं होतं ते काही सांगायचा नाही. एका वर्षी अक्काने तो यायच्या आत झाकण काढलं. पंख्यात तांदूळ. जाळीवर कुंकवाचा थर, त्यावर बाजारातून उडून आलेला कापूस. "माझ्या सासरच्यांनी लक्ष्मीच्या नाकात अक्षता कोंबल्या आणि वर विचारतात, लक्ष्मी रुसली का!" हे ती सासऱ्यांच्या देखत सांगायची, आणि सर्वांत मोठ्याने हसायचे ते सासरेच.

मग आला जळगावजवळच्या असोद्याच्या अभ्यासिकेचा प्रश्न. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर गावातल्या मुली टायपिंगच्या परीक्षेचा सराव करायच्या. दसरा झाला आणि एकेक डबा गरम होऊन बंद पडू लागला. समितीचे अध्यक्ष नाना म्हणाले, यांच्यात आता जीव नाही, भंगारात काढू, नवे मिळतील तेव्हा मिळतील. आणि परीक्षा? सरावाला रोज बसने जळगावला जायचं म्हटलं, तर निम्म्या घरांतून नकार येणार होता. डबे गेले म्हणजे परीक्षा गेली. मी तडक पत्रक काढलं: संगणक आमच्या हक्काचे, भंगाराच्या भावाचे नाहीत. अक्काला दाखवलं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"पत्रक चांगलं आहे. पण यात पंख्याचं नावच नाही." आणि मग तिचं ते नेहमीचं: "पहिले खोल, मंग बोल."

आम्ही पोचलो तेव्हा भंगारवाल्याची लोटगाडी दारात उभी होती. अक्काने त्यालाही चहा सांगितला आणि सतरंजीवर बसली. वायर काढली, तरीही बटण एकदा दाबलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. झाकण उघडून सांगाड्याच्या उघड्या लोखंडाला तळहात टेकवला. मुलींना वाटलं, हा मारवाड्यांचा रिवाज असावा. त्यांनीही हात टेकवून कपाळाला लावला. अंगातल्या विजेने आतले भाग मरू नयेत म्हणून लोखंडाला हात लावायचा असतो, हे तिने सांगितलं आणि पुढे म्हणाली, नमस्कार हवा तर करा, पण हात आधी टेकवा.

मग तिने डबा कलता केला आणि सतरंजीवर तांदूळ सांडले. हळद लावलेले, खंडेनवमीचे. पूजा नानांनीच केली होती. अक्काने आतलं सगळं तपासलं आणि अहिराणीत निकाल दिला:

"बठ्ठं बरं शे, नाना. कुंकू तेवढं जास्ती शे."

"मग काय पूजा करायची नाही आम्ही?" नाना तापले.

"करा ना. झाकण काढा, पाटावर ठेवा, त्याची करा. मग परत लावा. देव काय जाळीतूनच आत जातो का?"

पंखा बोटाने धरून ब्रशने धूळ काढायची, नाहीतर तो उलटसुलट गरगरतो. रॅमच्या पट्टीची सोनेरी कड खोडरबराने पुसायची. तारीख सारखी मागे जात असेल तर आतली नाण्याएवढी बॅटरी बदलायची. एका मुलीला शिकवलं, तिने दुसरीला. एका डब्याचा बोर्ड खरंच गेलेला होता. त्याची रॅम शेजारच्या डब्यात बसली आणि त्याचा रिकामा पत्रा घेऊन लोटगाडी गेली. बाकीचे पुन्हा चालू झाले. मंद होते खरे. पुढच्या बैठकीत नानांनीच जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवायचा ठराव मांडला. पहिली बसवताना स्क्रू मीच पिळणार म्हणून अडून बसले.

स्क्रूच्या बाबतीत अक्का फार कडक. काढलेला प्रत्येक स्क्रू वाटीत. दुरुस्तीच्या दिवशी ती घरी पोचली आणि मी फोनवर सहज बोलून गेले, वाटीत एक राहिलाय. ती पुढच्या बसने परत आली. म्हणाली, स्क्रू उरला म्हणजे काम उरलं. पत्रकाचा मसुदा संपवताना मला अजून ती वाटी दिसते.

मुलींनी परीक्षा दिली, पास झाल्या. त्यातली एक आता अभ्यासिकेतच शिकवते. अक्का मात्र मुलाकडे सुरतेला गेली. जाताना मला पेचकस देईल असं वाटलं होतं. दिला नाही. म्हणाली, तुझा तू घे, माझा मला लागतो. घेतला. आता माझ्या पिशवीत तो पत्रकांबरोबर असतो.

यंदाच्या खंडेनवमीला पाटावर ओळीने झाकणं मांडली होती. नानांनी मनसोक्त कुंकू वाहिलं. मुलींनी झाकणं पुसून परत लावली आणि त्यातल्याच एका कॉम्प्युटरवरून अक्काला व्हिडिओ कॉल केला. ती हार बघेना, रांगोळी बघेना. स्क्रू बठ्ठे लावले का, एवढंच विचारत राहिली.

लावले होते. वाटी रिकामी होती, मी स्वतः पाहिली होती. नाना खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर बसले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी एक स्क्रू काढला, कुठून आणला होता कोण जाणे, आणि पडद्याजवळ धरला.

"अक्का, एक उरला."

तिने चष्मा लावून स्क्रू बघितला. मग आत मुलाला हाक मारून विचारलं, जळगावची गाडी किती वाजता आहे.