खिडकीतून रंगवलेला रस्ता

शुक्रवार पेठेत माझं बांगड्यांचं दुकान आहे आणि समोरच्या माडीवर शिवलीला राहते. तिला बांगड्या भरायलासुद्धा मीच वर जाते, कारण तिला घराबाहेर पडायची सोय नाही. सासू महादेवी कंबर मोडून पलंगाला खिळलेली. सून जरा नजरेआड झाली की घंटा वाजवते. नवरा गुरुशांत खालच्या दुकानात पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन करतो. सासूजवळ बसायला एखादी बाई ठेव म्हटलं की म्हणतो, "घरात माणूस हाय की." त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटते, पण शेजार पडला.

शिवलीलाचा सगळा जीव जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत. तिचे सासरे सिद्धप्पा तिथे फोटो धुवायचे आणि हातानं रंगवायचे. जाण्याआधी त्यांनी सुनेला सगळं शिकवलं. मागे राहिलेले जुने रोल ती अजून पुरवून पुरवून वापरते. दुपारी सासूचा डोळा लागला की खिडकीतून रस्त्याचा फोटो काढायचा, लाल दिव्याखाली धुवायचा आणि काडीला कापूस गुंडाळून रंगवायचा. रस्ता एकच, पण कधी हळदीच्या पाण्यानं पिवळा, कधी चहात बुडवून तपकिरी. एकदा माझ्या दुकानावरचं आभाळ तिनं चक्क जांभळं केलं! मी वर गेले की लहान पोरीसारखी हसत म्हणते, "बघा की, आज मी कुटं जाऊन आले!"

यंदा गुरुशांतनं ठरवलं, ती खोली मोडायची आणि तिथे फ्लेक्सचं मशीन बसवायचं. त्याला अडवू शकेल अशी घरात एकटी महादेवी. म्हणून शिवलीलानं सासूला खूश करायचं ठरवलं. उशांना टेकवून तिचा फोटो काढला, मोठा केला, लुगडं हिरवं रंगवलं, गालांना लाली दिली आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ठळक ओढले. सासऱ्यांनी वळण लावलेला हात, तो आपसूक तसाच चालला. पण सिद्धप्पांकडे रंगवायला यायचे ते गेलेल्या माणसांचे फोटो. आमच्या पेठेत असा फोटो भिंतीला लागला की त्याला हार घालतात.

फोटो बघून म्हातारीनं हंबरडा फोडला. "मी अजून हाय की गं! जितेपणीच टांगतीस व्हय मला?"

मी दुकान टाकून वर पळाले. गुरुशांतही आला. "लई झाले लाड," तो म्हणाला. "सोमवारी खोली मोडतो."

शिवलीला रडली नाही, भांडली नाही. खोलीतले रस्त्याचे सगळे फोटो आणून ती रद्दीत बांधायला लागली. तेवढ्यात महादेवीनं त्यातला एक फोटो ओढून घेतला. पडल्यापासून तिनं रस्ता पाहिलाच नव्हता. खिडकी उशाशी, पण तिला उठता येत नाही. एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून ती किती तरी वेळ बघत राहिली. मग माझ्या दुकानाच्या ओट्यावर बोट ठेवून म्हणाली, "मला हितं बसव. मागं भिंत नको." आणि लेकाला म्हणाली, "माजं काम हाय त्या खोलीत. हात लावायचा न्हाय."

शिवलीलानं सासूचा फोटो कातरून रस्त्याच्या फोटोवर चिकटवला, त्याचा पुन्हा फोटो काढला, छापला, रंगवला. त्यात महादेवी हिरव्या लुगड्यात माझ्या ओट्यावर ऐसपैस बसली होती. म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला.

"आता देवळापुढं बसव," ती म्हणाली.

"देवळाचा फोटो कुटंय, अत्ती?" सासूला ती कन्नड रीतीनं अत्ती म्हणते. "मला हितनं रस्ताच दिसतोय."

"मग जाऊन काडून आण की."

"तुमच्यापाशी कोण बसंल?"

"मी बसते," मी लगेच म्हणाले.

महादेवीनं घंटा जवळ ओढली. "परक्या बाईकडनं मी धुऊन घेऊ व्हय? ऱ्हाऊ दे देऊळ. हाच रस्ता पुन्ना काड. रंग तेवढा दुसरा लाव."

मला इतका संताप आला की ती घंटा खिडकीबाहेर भिरकावून द्यावीशी वाटली. शिवलीलानं एकदा खिडकीकडे पाहिलं आणि काडीला नवा कापूस गुंडाळला.

"कंचा लावू, अत्ती?"