मंगळवारची हजेरी

तपासणीला आलेल्या साहेबांनी हजेरीपट मिटला आणि म्हणाले, "बाई, ही शाळा आता मर्ज करावी लागेल."

मी चहाचा ट्रे घेऊन हेडबाईंच्या दारात उभा. मर्ज म्हणजे आमची शाळा बंद आणि पोरं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत. खासबागेतल्या या सरकारी मराठी शाळेत मी तेव्हा शिपाई होतो. स्वतः चौथी नापास. पण घंटा कधी एक मिनिट चुकवली न्हाय.

"रिझल्ट खाली, हजेरी निम्मी," साहेब म्हणाले. "इथल्या आईबापांना शिक्षणाची आवडच नाही."

हे मला सोसलं न्हाय. मी विणकराच्या घरातला. ऐपत असलेली घरं पोरांना इंग्लिश मिडियमला घालतात. आमच्याकडं येतात ती मजुरीवर साड्या विणणाऱ्यांची पोरं. मी ट्रे टेबलावर ठेवला.

"साहेब, मंगळवारची हजेरी बघा."

"आप्पा, तुम्ही मध्ये बोलू नका," बाई म्हणाल्या.

"बघा तर."

बाईंनी मागची पानं उलटली. दर मंगळवारी वर्ग भरलेला.

"हौदा?" साहेब म्हणाले. कानडीत, खरंच का, असं.

मी सांगितलं. मंगळवारी आमच्या भागात मागांचा करंट बंद. एरवी सकाळी माग सुरू झाले की घरातली पोरं कांड्या भरायला बसतात. कांडी म्हणजे धोट्यात बसणारी सुताची नळी. ती संपली की माग थांबला.

"किती वेळ लागतो?" बाईंनी विचारलं.

"तासभर."

"मग तासाभरानं ती पोरं शाळेत का येत नाहीत, आप्पा?"

प्रार्थना संपली की गेटाला कुलूप मीच घालायचो. शिस्त म्हणून. उशिरा आलेली पोरं कुलूप बघून माघारी जायची, आणि मला वाटायचं, जाऊ देत, उद्या वेळेवर येतील. किल्ली माझ्या कमरेला होती. बाईंनी ती बघितली.

"चूक आमचीच आहे सर," त्या साहेबांना म्हणाल्या. "गेट आता दुसऱ्या तासापर्यंत उघडं ठेवतो. दोन महिने द्या."

माझं नाव त्यांनी घेतलं न्हाय. साहेबांनी दोन महिने दिले.

मी घरोघरी गेलो. एक बाई माग न थांबवताच म्हणाली, "कुलूप घालणारं तुम्हीच न्हवं? आणि आता बोलवायला आलाय व्हय?"

"व्हय गं. चुकलं माझं. कांड्या झाल्या की पोरीला लावून दे."

"लावून देईन. पण परत कुलूप दिसलं तर तुम्हालाच कांड्या भरायला बसवीन बघा."

बुडालेला पहिला तास बाई दुपारी जेवणाच्या सुट्टीत परत घ्यायच्या. दोन महिन्यांनी साहेब आले ते मुद्दाम सोमवारी. वर्ग भरलेले होते. रिझल्ट काही लगेच वर गेला न्हाय, पण मर्जचा कागदही पुढं गेला न्हाय. शाळा अजून चालू आहे.

मी रिटायर झालो, बाईंची बदली झाली. त्या दिवशी साहेबांपुढं त्यांनी माझी लाज राखली, हे उपकार माझ्यावर कायमचे. हजेरीपटात पोरगं आलं न्हाय एवढंच लिहिलेलं असतं. ते गेटापर्यंत आलं होतं का, हे शिपायाला विचारावं. आणि शिपायानं खरं सांगावं.