वाकडी ओळ तशीच राहू दिली

आमची वाडी वडिवळ्याच्या वरच्या अंगाला. तिला स्वतःची ग्रामपंचायत नाही. कागदोपत्री आम्ही खालच्या गावात. मतं मागायला मात्र सगळ्यांना वाट बरोब्बर सापडते. सरकारचं म्हणून आमच्याकडे एकच होतं, चौथीपर्यंतची शाळा. पट कमी म्हणून तीही बंद करायची आणि मुलं ओढ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत घालायची, असं घाटत होतं. नकाशावर ती शाळा हाकेच्या अंतरावर! मी कामशेतहून पत्रकं छापून आणली. ‘गरिबाच्या पोरांवर हा दरोडा आहे’ असं मथळ्यातच ठोकलं होतं.

पाहणीला शिक्षण खात्याच्या मॅडम येणार होत्या. निरोप उद्याचा होता, आल्या आजच. आणि आज आमच्या खाचरात इर्जिक. म्हणजे भाताची रोपं लावायला, आवणीला, सगळी वाडी एका घराच्या शेतात उतरते, आमची बौद्ध आळी आणि वरची आळी, दोन्ही. मजुरी नाही, ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण. उद्या दुसऱ्याचं खाचर. त्या दिवसांत शाळाही जेवणानंतर भरते. सकाळी मुलं बांधावरून रोपांच्या जुड्या पोचवतात आणि गुरुजी चिखलात असतात.

पंगतीच्या आमटीसाठी मी शाळेतलं खिचडीचं मोठं पातेलं घेऊन निघाले होते. मॅडम समोर.

“मुलं कुठं आहेत?”

“शेतात,” म्हणाले आणि जीभ चावली. आता संपलं. मग पातेलं कमरेवर घेऊनच मी भाषण सुरू केलं. शिक्षणाचा हक्क, वाडीवस्तीवरचा अन्याय, सगळं पत्रक तोंडपाठ होतं. त्या खाचराकडे चालू लागल्या. मी मागून बोलतेच आहे.

बांधावर पोचलो तर आमच्या शेजारच्या मावशींनी इरल्यातून मान वर केली. इर्जिकीला कुणाकुणाच्या पाहुण्या येतात. त्यांना वाटलं, ही त्यातलीच.

“उबी काय ऱ्हायलीस बाई? चपला काड. ही घे जुडी, हो रांगंत.”

“मावशी, अहो—”

“तू गप. पातेलं ठिव तितं. येवढं बोलून एक रोप तरी लागलं का?”

सगळं खाचर हसलं. मॅडमनी चपला काढल्या. माझ्या भाषणापेक्षा त्यांना चिखल बरा वाटला असणार. त्या उतरल्या आणि खरंच एक ओळ लावली, साप गेल्यासारखी. गुरुजींनी ओळखलं तेव्हा त्यांचा चेहरा रोपासारखा हिरवा पडला.

“चला, पाय धुवून घ्या,” मावशी त्यांना ओढ्यावर घेऊन गेल्या. पाणी लाल, फुगलेलं. मॅडमनी पाय घातला आणि ओढीनं तोल गेला. मावशींनी दंड धरला म्हणून वाचल्या. तशाच गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्यांनी विचारलं, “ती मोठी शाळा कुठं आहे?”

“ती काय, पल्याड.”

“आणि साकव?”

“न्हाई वो. उन्हाळ्यात दगडांवरनं जायाचं. आता कुटं दिसत्यात दगड?”

कुठं एखादा दगड दिसतो का, ते मॅडमनी वाकून पाहिलं. मग आमच्या पंगतीत बसून त्यांनी भात-आमटी खाल्ली आणि जेवणानंतर भरलेल्या शाळेत मुलांचं वाचन ऐकलं. निघताना गुरुजींना म्हणाल्या, “शाळा इथंच हवी. मी तसं कळवते.”

कळवलं. शाळा राहिली. ते कळलं तेव्हा मी शाळेच्या पायरीवर बसले ती बसलेच. कितीतरी दिवसांनी कुणावर ओरडायचं नव्हतं. राग आहेच. साहेबांचे पाय भिजल्याशिवाय आमचा ओढा ओला होत नाही, हे काय कारभार चालवणं झालं? पण त्या दिवशी तो राग बाजूला ठेवून मी पोटभर झोपले.

अशी वाकडी ओळ मावशी एरवी उपटून पुन्हा लावतात. मॅडमची नाही उपटली.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या, “भात तिलाबी येतोच की.”