मगदूमबाईंनी दिलेला निरोप

कोरेगावहून बदली होऊन मी पलूसच्या शाळेत रुजू झालो, तेव्हा गणिताच्या सुमतीबाई मगदूम यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "राहायची सोय झाली?" मी नकारार्थी मान हलवली. "मग सोय होईपर्यंत आमच्याकडे राहा. फक्त आम्ही जैन, तेव्हा जेवायला सूर्यास्ताआधी यावं लागेल." त्यांचे यजमान अण्णा रोज माझ्यासाठी ताटावर थांबत.

त्यांचा एकुलता एक मुलगा अभय संगणक अभियंता होऊन अमेरिकेत गेला. तिथल्या कायम वास्तव्यासाठी त्यानं अर्ज केला. भारतात जन्मलेल्यांची रांग फार लांब. तो अजून रांगेतच आहे.

अण्णा गेले त्या सकाळी मी बाईंजवळ होतो. फोनवर अभय रडत होता. "आई, मी निघतो."

"परत जाता येईल?"

"व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा लागेल. वकिलातीत मुलाखतीची तारीख कधी मिळेल, सांगता येत नाही. तोवर नोकरी टिकणार नाही."

बाई म्हणाल्या, "येऊ नकोस. तुझ्या लेकीची शाळा आहे तिथं."

अग्नी बाईंनीच दिला. "पोटचा पोरगा असून आला न्हाई," असं कुणीतरी पुटपुटलं. बाई वळून म्हणाल्या, "तो आला नाही असं म्हणू नका. मी येऊ दिलं नाही."

त्यानंतर परदेशी निघालेल्या मुलांचे पालक बाईंकडे येऊ लागले. एक द्राक्षबागायतदार म्हणाले, "बाई, पोरगं अमेरिकंला निघालंय. तितं कायमचं ऱ्हाता येतंय न्हवं?"

"येतं, पण कधी ते कुणी सांगत नाही. कॅनडात वय, शिक्षण, अनुभव यांचे गुण मोजून ठरवतात. जर्मनीत भाषा शिकला तर काही वर्षांत जमतं. सगळं विचारून घ्या."

"मग पाठवू नगं म्हंता?"

"पाठवा. पण आपल्या आजारपणात त्याला येता येईल का, हे दोघांनी समोरासमोर बसून आधी बोला. आम्ही बोललो नव्हतो."

त्या गृहस्थांनी डोळे पुसले. बाईंनी त्यांना चहा दिला.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. सत्काराला अभय नसेल. त्यांना उदंड आयुष्य चिंतताना माझी जीभ अडखळते, कारण त्यांच्यासाठी आयुष्य वाढणं म्हणजे वाट पाहणंही वाढणं. तरीही चिंततो. बाईंची प्रकृती ठणठणीत राहो, आणि परतीची धास्ती न बाळगता अभयला आईजवळ चार दिवस राहता येईल तोवर त्यांना आयुष्य लाभो. त्यानंतरही लाभो.