ओढा, मी सोडणार नाही

नवरा गेला त्या दिवशी मला रडवायला बायकांनी माझ्या थोबाडीत मारल्या होत्या.

आमच्याकडं तशी रीतच होती. नवरा गेलेली बाई रडली नाही तर तिला वेड लागतं म्हणायचे.

आज सकाळी शैलजाताई गेल्या. आजही डोळ्यांत पाणी नाही. आत सगळं बधिर.
पण आज मी स्वतःला रडवत बसणार नाही. ताईंनीच तसं शिकवलंय.

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. होटगीजवळ आमचं शेत. उसाची ट्रॉली बांधावरून कलंडली, हे खाली होते.
मी ओढायला गेले. हातात नुसती सदऱ्याची फाटकी बाही आली.

सासूबाई मला गदागदा हलवत होत्या. "रड की गं बये! मोकळी हो, न्हायतर याड लागंल तुला."
मी बघत बसले.

त्यानंतर माझे हातच गेले. म्हणजे होते, भाकरीही थापायचे. पण मनगटाखाली काही कळायचं नाही. तव्याचा चटका बसला तरी नाही.

लता तेव्हा वर्षाची. मी तिला उचलायचेच नाही. हातातून सुटेल, अशी धास्ती.
ती दोन्ही हात वर करायची. मी कामाला निघून जायचे.

शेवटी ठरलं, पोरगी श्रीपूरला नणंदेला द्यायची. तिला मूल नव्हतं.
"आईलाच नको झालीया," सासूबाई म्हणाल्या.
नको नव्हती हो. पण हे सांगणार कसं?

तरी एकदा हात दाखवायला सासूबाईच मला सोलापूरला घेऊन गेल्या. सात रस्त्याजवळच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, हातांत दोष नाही, मागच्या खोलीत जा.

मागच्या खोलीत शैलजाताई. बेंगळूरला मानसशास्त्र शिकून आलेल्या. लोक म्हणायचे, वेड्यांची डॉक्टरीण. ट्रॉमा, थेरपी हे शब्द मला आत्ता नातीकडून कळले.

काय झालं, हे त्यांनी विचारलंच नाही. आणि मला चक्क अहो-जाहो! बावीस वर्षांच्या खेडवळ बाईला!
"पाय फरशीला टेकलेत? गार लागतंय का? नको वाटलं की सांगा, लगेच थांबू."

दर बाजारच्या दिवशी जायचे. कितीतरी दिवस एवढंच चाललं.
सासूबाई वैतागल्या. "औषद न्हाय, सुई न्हाय. कसली ही डॉक्टरीन?"

मग एक दिवस बाहीचं माझ्याच तोंडून निघालं.

ताईंनी कॉटवरची चादर उचलली, पीळ घातला, "चालेल का?" विचारलं आणि एक टोक माझ्या हातात दिलं.
"ओढा. मी सोडणार नाही. पुरे वाटलं की थांबा."

आधी हळू ओढली. मग अशी ओढली, की ताई खुर्चीसकट पुढं आल्या.
"अहो, पाडता की काय मला!" हसत होत्या. चादर घट्ट धरलेली.

माझे तळहात चुरचुरत होते. किती महिन्यांनी काहीतरी दुखलं. मला फार बरं वाटलं.

एका दिवसात काही झालं नाही. बरेच बाजार गेले. मग एका दुपारी लतानं हात वर केले आणि मी तिला उचललं.
"किती जड झालीय ही!"
"व्हय की. खाती न्हवं का," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून चुलीशी गेल्या. श्रीपूरचा विषय त्यांनी परत काढला नाही.

ताई गेल्याचं सांगायला आज लताचाच फोन आला. "आई, बसलीयस ना? ताई गेल्या गं."

श्रीपूरला गेली असती, तर ती मला मामी म्हणाली असती.

शैलजाताई, तुम्हाला अखेरचा नमस्कार.