नईम पिंजारीच्या टाचा

नईम पिंजारी माणसांचे घोटे धरतो. त्याच्यावरच त्याला नोकरी लागली.

पिंपळगाव बसवंतला टेम्पो उभे राहतात त्याच्या मागे त्याच्या वडिलांचं, खाजाभाईंचं, गाद्या भरायचं दुकान आहे. लहानपणी नईमकडे गादीचा कोपरा धरायचं काम होतं. खाजाभाई दुसऱ्या टोकाकडून टाके घालत यायचे. ते येईपर्यंत कोपरा सोडायचा नाही, नाकात कापूस गेला तरी. पुढे शाळेच्या कबड्डीच्या संघात त्याला डाव्या कोपऱ्यावर उभं केलं. चढाई करणाऱ्याचा घोटा त्याला गादीसारखाच वाटला. फक्त गादी पळत नव्हती.

खेळाडूंच्या भरतीतून तो फौजेत गेला. नाशिकरोडच्या छावणीत सकाळी परेड, संध्याकाळी कबड्डी. ‘सावधान’ ऐकलं की टाचा जुळतात, हात पँटच्या शिवणीवर जातात, आणि या सगळ्यात माणूस कुठेच नसतो, हे तो तिथे शिकला. शिकवणारे नायब सुभेदार सुनील खैरनार, सटाण्याचे. त्यांचा आवाज निघाला की मैदानापलीकडच्या झाडावरचे बगळे जागा बदलायचे. साहेब स्वतः कबड्डीत चढाई करायचे, आणि चांगली करायचे.

यंदा राज्यातली एक व्यावसायिक लीग नाशिकला भरली. दोघांनाही हंगामापुरती सुट्टी मिळाली. नईमला नाशिकच्या संघाने घेतलं, सुनील साहेबांना दुसऱ्या एका शहराच्या. निघताना युनिटच्या मोठ्या साहेबांनी नईमला सांगितलं, “संघाने पुढच्या वर्षासाठी ठेवून घेतलं तर पुन्हा सुट्टी देऊ. नाही तर सरहद्दीवर पोस्टिंग आहेच.” तिथे बर्फ असतो. बर्फावर कबड्डी होत नाही, आणि गुडघे कोणाची वाट पाहत नाहीत.

पहिल्या काही सामन्यांत नईमने घोटे धरले. मग सुनील साहेबांचा संघ समोर आला.

शेवटची चढाई, गुण बरोबरीत. साहेब आत आले. नईमने डावा घोटा धरला, आणि धरला म्हणजे धरला. साहेब मॅटवर सरपटत मध्यरेषेकडे जाऊ लागले. दम सुटू नये म्हणून ‘कबड्डी’ म्हणणं तर भाग होतं. पण जोर लावताना त्यांच्या तोंडून ते परेडच्या चालीत निघालं. ‘कब’ लांबवून, ‘ड्डी’ छाटून.

“कब–ड्डी!”

नईम उठून उभा राहिला. टाचा जुळल्या, हात अर्ध्या चड्डीच्या शिवणीवर, नजर समोर. साहेबांनी निवांत रेषेला हात लावला. सामना गेला.

मोबाइलवर तो तुकडा सगळीकडे फिरला. घरी अम्मीने, मेहरुन्निसाबाईंनी, तो पुन्हा पुन्हा पाहिला. “खडा तो बराबर था तू,” त्या म्हणाल्या.

प्रशिक्षक दीपक सरांनी त्याला बाकावर बसवलं. “पुढच्या वेळी त्यांनी राष्ट्रगीत म्हटलं तर?” त्यांनी विचारलं. ते गंभीरपणे विचारत होते.

सुनील साहेबांना या विजयाचा राग आला. त्यांनी नईमला स्टेडियमबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठलं.

“काय व्हयनं रे तुले? मी काय म्हणालो? कबड्डी म्हणालो.”

“तुम्ही परेडवाणी बोलले, साहेब.”

“मला फुकटचा गुण नको. पुढच्या वेळी धरायचं. हाऊ माना हुकूम शे.”

नईमने विचार केला. “साहेब, दोन हुकूम झाले तर शेवटचा पाळायचा, असं तुम्हीच शिकवलं. हा हुकूम आज झाला. मैदानात तुम्ही त्याच्यानंतर ओरडणार.”

साहेबांनी चहा संपवला. आपण चांगलं शिकवलं, एवढं त्यांच्या लक्षात आलं.

सामने नव्हते त्या दिवसांत नईम पिंपळगावला गेला. त्याने गादीचा कोपरा धरला आणि बहिणीला, अदिबाला, ‘सावधान’ ओरडायला सांगितलं. ती शाळेत शिकवते. ती अशी ओरडली की समोर उशीसाठी थांबलेले एक म्हातारे गृहस्थ ताडकन उभे राहिले. ते माजी सैनिक निघाले. नईमही उभा राहिला होता. गादी खाली पडली होती.

खाजाभाईंनी सुई दातात धरली. “बसा दादा,” ते म्हाताऱ्यांना म्हणाले. “तुम्ही आता रिटायर हाय.”

“हो की,” म्हातारे म्हणाले आणि बसले.

नईमने बसलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं आणि गादीचा कोपरा पुन्हा उचलला. “अदिबा, परत,” तो म्हणाला.

“नाय,” खाजाभाई म्हणाले. “गिऱ्हाईक दचकतात. काम लय पडलंय.”

हंगामाच्या शेवटच्या सामन्यात पुन्हा तोच संघ होता. नाशिकचा डावा कोपरा सांभाळणारा खेळाडू बोट मोडून बसला, म्हणून दीपक सरांनी नाइलाजाने नईमला आत पाठवलं. “नुसता खाली राहा,” त्यांनी सांगितलं. “काहीही झालं तरी उठू नकोस.”

सुनील साहेब आत आले. ते याच कोपऱ्याकडे येणार हे सगळ्या स्टेडियमला माहीत होतं. नईमने घोटा धरला. साहेब रेषेकडे झेपावले, आणि पुन्हा तसंच निघालं. त्यांनी मुद्दाम केलं नाही. तोच एक आवाज त्यांच्याकडे होता.

“कब–ड्डी!”

नईमच्या टाचा जुळल्या. आडव्या पडल्या पडल्या, पंजे तीस अंशांवर, नियमाप्रमाणे. हात मात्र जागचे हलले नाहीत. रेषा साहेबांच्या बोटांपुढे राहिली. मागून बाकीचे येऊन पडले. शिट्टी झाली. सगळे उठले. नईम उठला नाही.

“पिंजारी,” साहेब मॅटला गाल लावून म्हणाले, “झाली शिट्टी. सोड आता.”

“साहेब,” नईम म्हणाला, “मी सुट्टीवर हाय.”

पंचांनी येऊन त्याची बोटं एकेक करून सोडवली.

नाशिकच्या संघाने त्याला पुढच्या वर्षासाठी ठेवून घेतलं. सोमवारी दोघेही छावणीत हजर झाले. सुनील साहेब परेडसमोर आले, डाव्या पायाने किंचित लंगडत. त्यांनी रांगेकडे पाहिलं, नईमच्या हातांकडे पाहिलं, आणि ‘सावधान’ म्हणाले.

रांगेत सगळ्यात आधी नईमच्या टाचा जुळल्या. बगळे उडाले.