मधात संत्रा निघाला तर?

अमरावतीला आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये लोक मध तपासायला आणतात. बाटल्या परत जातात, किस्से मात्र इथंच राहतात. आता ठेवायला जागा नाही, म्हणून थोडे तुमच्याकडे सरकवते!

काम तसं सोपं. मध पाण्यात विरघळवायचा, मशीनमध्ये गरगर फिरवायचा आणि तळाशी बसलेला गाळ मायक्रोस्कोपखाली पाहायचा. प्रत्येक फुलाच्या परागकणाचं रूप वेगळं असतं. माशी कुठं कुठं हिंडून आली, सगळं कळतं.

* * *

सुरुवातीला आमच्या प्रत्येक मधात गाजर गवत निघायचं. मेळघाटचा मध, गाजर गवत! अकोल्याचा मध, गाजर गवत! मी तर शोधनिबंध लिहायच्या बेतात होते. मग एकदा नुसत्या पाण्याची स्लाइड केली. त्यातही गाजर गवत!

उठले आणि गुपचूप खिडकी लावली. बाहेर कमरेएवढं माजलं होतं मेलं.

* * *

मोझरीच्या एका काकूंना हौसेनं सूर्यफुलाचा परागकण दाखवला. गोल आणि अंगभर काटे.

"अवं माय वं! हे आमी पोरायले चाटवतो?"

* * *

अकोल्याच्या एका गृहस्थांचा 'अस्सल जंगली' मध. खूप शोधलं, पण परागकण औषधालाही सापडेना! तसं सांगितलं, तर तेच माझ्यावर डाफरले.

"असं कसं मॅडम? बाटलीवर फूल छापलं हाय ना!"

* * *

चांदूर बाजारचे राशीदभाई आणि वानखडे काका शेताचे शेजारी. राशीदभाईंचा शेवगा आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मधपेट्या. पलीकडे काकांचा संत्र्याचा बगीचा. एकदा दोघंही भांडतच लॅबमध्ये आले.

"याच्या माश्या माह्या फुलायचा रस पेतात, म्हनून फळ गळते!" काका म्हणाले.

"माह्या माश्या शेवगा सोडून कुठी जात नाई, मॅडम," राशीदभाई म्हणाले.

गावात ठरलं होतं, मधात संत्रा निघाला तर पेट्या हलवायच्या.

मी पाहिलं. शेवगा थोडा, बाकी संत्राच संत्रा! राशीदभाईंचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं.

"काका, माश्यांमुळे फळ धरतं हो, गळत नाही!"

"चोरी ते चोरी!"

राशीदभाईंनी पेट्या पार पातूरला साळ्याच्या शेतात नेल्या.

पुढच्या बहाराला काकांचा बगीचा पांढराशुभ्र फुलला, पण फळ काही धरेना. आणि एक दिवस काका एकटेच माझ्यासमोर. हातात बाटली.

"राशीदचा पातूरचा मध हाय. जरा पाहा बरं, यात माह्या बगीच्याचा संत्रा निघते का?"

"काका, पातूर कुठं, तुमचा बगीचा कुठं! माशी एवढ्या लांब येते का?"

"थे समजते मले. पन एखादा दाना तरी?"

"पण कशासाठी, काका?"

काका खुर्ची ओढून मायक्रोस्कोपपाशी बसले.

"निघाला तं त्याले म्हनतो, तुह्या माश्यायले माह्या बगीच्याची याद येऊन राहिली. घेऊन ये वापस."